एनएसजीचे निर्यातीचे नियम सदस्य देशांवर कायद्याने बंधनकारक असतात का?

नाही, थेट बंधनकारक नसतात. अणुपुरवठादार गट म्हणजे एनएसजी हा करार नव्हे. 48 देशांनी सहमतीने ठरवलेली ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. प्रत्येक देश ती स्वतःच्या कायद्यातून राबवतो आणि परवाना द्यायचा की नाही हेही तोच ठरवतो. गटाची स्वतःची भूमिकाही हीच आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या 'इन्फसर्क 254' या परिपत्रकात ही तत्त्वं दोन भागांत कुणालाही वाचता येतात. पहिल्या भागात अणुभट्ट्या, इंधन, युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं अशी खास अणुक्षेत्राची सामग्री येते. माझ्या मते खरी कसोटी दुसऱ्या भागात लागते. 1991 च्या आखाती युद्धानंतर इराकचा छुपा अण्वस्त्र कार्यक्रम उघड झाला, आणि 1992 मध्ये दुहेरी वापराच्या, म्हणजे साध्या उद्योगात आणि अण्वस्त्रांसाठीही चालणाऱ्या वस्तूंची यादी या दुसऱ्या भागात आली: मॅरेजिंग पोलाद (एक अतिशय मजबूत पोलाद), कार्बन तंतू, काही व्हॅक्यूम पंप. एरवी कारखान्यांत लागणाराच माल, त्यामुळे घेणारा कोण आणि कशासाठी घेतोय हे तपासावंच लागतं.

एक गोष्ट मात्र बंधनकारक आहे. सुरक्षा परिषदेच्या 2004 च्या ठराव 1540 नुसार प्रत्येक देशाला, तो एनएसजीत असो वा नसो, निर्यात नियंत्रणाची व्यवस्था ठेवावीच लागते. एनएसजीचीच यादी स्वीकारा, असं तो ठराव सांगत नाही.