खर्जाचा गळा आणि डबल बेसच्या तारा

प्रश्न : लष्कर भागातील एका मैफलीत मोझार्टची ‘पेर क्वेस्ता बेल्ला मानो’ ही आरिया (ऑपेराच्या धाटणीचे एकल गीत) ऐकली. खर्जातला पुरुषी आवाज, सोबत डबल बेस (गजाने वाजवायचे, खर्जातले मोठे तंतुवाद्य), आणि वाद्यवृंदाऐवजी पियानो. गायन सुरेख झाले. परंतु डबल बेसवरील जलद जागा अडखळत होत्या. हा रियाजाचा अभाव समजावा काय? आणि त्या वाद्याची भूमिका साथीची मानावी की जुगलबंदीची?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : वादकाला दोष देण्यापूर्वी त्याच्या वाद्याच्या तारा कशा लावलेल्या आहेत ते पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ही आरिया मोझार्टने मार्च १७९१ मध्ये व्हिएन्नात लिहिली, ती शिकानेडर या नाटकमंडळी चालकाच्या मंडळीतील गायक गेर्ल आणि तेथील डबल बेसवादक पिशेलबर्गर यांच्यासाठी. (मोझार्टच्याच ‘द मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातील सारास्ट्रो हे पात्र पहिल्यांदा रंगवणारा तो हाच गेर्ल.) त्या काळच्या व्हिएन्नातील डबल बेसला बहुधा पाच तारा असत, दांडीवर तातीचे पडदे बांधलेले असत, आणि वरच्या चार तारा ए, डी, एफ शार्प, ए अशा लावत. आरिया डी मेजरमध्ये आहे. म्हणजे डी हा षड्ज धरला, तर मोकळ्या तारांवरच पंचम, षड्ज, गांधार, पंचम मिळतात. राग पाहून तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात लावणाऱ्या आपल्या लोकांना यातली सोय निराळी समजावून सांगायला नको. आजच्या डबल बेसच्या तारा मात्र एकमेकींपासून षड्ज-मध्यमाच्या अंतरावर असतात, त्यामुळे पूर्वी गज नुसता तारांवरून फिरवून जे स्वर निघत, त्यांच्यासाठी आता डाव्या हाताला दांडीभर धावावे लागते, आणि दोन तारा एकदम वाजवण्याच्या जागा तर फारच अवघड होतात.

घरी गिटार असल्यास पाचवी व चौथी तार तशीच ठेवावी, तिसरी अर्ध्या स्वराने आणि दुसरी एका स्वराने उतरवावी, आणि या चारच तारा मोकळ्या छेडाव्यात. पिशेलबर्गरच्या वरच्या चार तारा, एक सप्तक वर, आपल्या कानांवर पडतील.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मी जुगलबंदीकडे झुकेन. गायक प्रेयसीच्या हाताची आणि डोळ्यांची शपथ घेत स्वर संथपणे लांबवतो, तेव्हा डबल बेस सारंगीसारखा त्याच्या मागोमाग जात नाही. तो मधल्या जागांत स्वतःचे वेगळे बोलतो, आणि ते गाळले तर रचनाच उभी राहत नाही.