आठ वर्षांच्या मुलाचे वजन वर्गमित्रांपेक्षा बरेच जास्त आहे. याला केवळ बाहेरचे खाणे कारणीभूत असते का?

बाहेरचे खाणे हे एक कारण आहे, एकमेव नव्हे. शिवाय वर्गमित्रांशी तुलना करून निष्कर्ष काढू नये; या वयात मुलाचे वय, उंची आणि लिंग लक्षात घेऊन वाढीच्या तक्त्यावर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) पाहावा लागतो. भारतात २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांची सुमारे २३ टक्के मुले कृश आणि ४ टक्के अतिवजनाची आढळली होती, त्यामुळे शेजारच्या बाकावरचे मूलच कमी वजनाचे असू शकते.

शहरी घरांत खरी अडचण मला दिनक्रमात दिसते. सकाळच्या शाळेसाठी मूल दूध-बिस्किटांवर बाहेर पडते, रिक्षाने जाते, रिक्षानेच परतते, दुपारी शिकवणीला बसते आणि संध्याकाळी मोबाईलसमोर वेफर्सचा पुडा कधी संपला हे त्यालाही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना या वयात दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते दमवणारी हालचाल सुचवते. सोसायटीचे अंगण गाड्यांनी भरलेले असताना ती होणार कुठे?

अपुरी झोप आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असतो. थायरॉईडसारखे विकार क्वचितच कारण ठरतात. मात्र वजन वाढत असताना उंची खुंटली असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी अवश्य करून घ्यावी. जेवण तोडण्याचा प्रयोग घरी करू नये, कारण वाढत्या वयात वजन आहे तेथे टिकवून उंची वाढू देणे हेच बहुधा पुरेसे असते.