माझी वंशावळ लोक ऑनलाइन उचलतात आणि चुकीची करून पसरवतात. ट्री काढून टाकावा का?

तुम्ही लिहिलंय की वर्षानुवर्षं कागद चाळून जमवलेली वंशावळ तुम्ही सगळ्यांसाठी खुली केली. लोकांनी ती न विचारता उचलली, त्यात भलतेच आईबाप चिकटवले, आणि कळवलं तरी कुणी दुरुस्त करत नाही.

ट्री काढू नका. काढल्याने जाईल ती फक्त तुमची, पुराव्यासकटची प्रत. झालेल्या नकला आहेत तिथेच राहतील आणि पुढे शोधत येणाऱ्याला तेवढ्याच सापडतील.

आधी तुमचा ट्री कोणत्या प्रकारचा आहे ते बघा, कारण निम्मा मनस्ताप इथल्या गैरसमजातून होतो. ॲन्सेस्ट्रीसारख्या वंशावळीच्या साइटवर ज्याचा त्याचा ट्री वेगळा असतो. तुम्ही परवानगी दिल्याशिवाय तुमच्या ट्रीला कुणी हात लावू शकत नाही, बाकीचे फक्त नक्कल करून नेतात. फॅमिलीसर्च, विकिट्री, जेनी इथे मात्र सगळ्यांचा मिळून एकच ट्री, एका माणसाचं एकच प्रोफाइल असावं अशी कल्पना. तिथे दुसऱ्याने बदल करणं हा आगाऊपणा नाही, ती व्यवस्थाच तशी आहे. पण तिथे कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते आणि चुकीचं मर्ज (दोन प्रोफाइल एकत्र करणं) सहसा उलटवताही येतं. पहिल्या प्रकारात नकलाकाराच्या विनवण्या करण्यापलीकडे तुमच्या हातात काही नाही. ‘चोरी’ म्हणून भांडण्यातही फारसा अर्थ नाही: नावं आणि जन्ममृत्यूच्या तारखा यांवर सहसा कुणाचा कॉपीराइट नसतो. तुम्ही स्वतः लिहिलेल्या मजकुराची गोष्ट वेगळी.

आता चूक इतकी फोफावते का? माझ्या एका शाखेत दोन चुलत भाऊ आहेत. नाव एकच, गाव एकच, वयातही जेमतेम फरक. त्यातला एक लहानपणीच गेला. कुणीतरी दोघांना एक केलं, आणि तान्हेपणी वारलेल्या बाळाला पाच मुलं झाली! हे हसण्यावारी गेलं असतं, पण साइटच्या आपोआप येणाऱ्या सूचना इतरांच्या ट्रीवरूनही बनतात. एकाने चुकीचा बाप जोडला की तीच सूचना दुसऱ्याला जाते, तो एक बटण दाबून स्वीकारतो, आणि ‘पुरावा’ म्हणून पहिल्याचा ट्री जोडतो. मग तिसरा म्हणतो, इतक्या सगळ्यांकडे हेच आहे, म्हणजे बरोबरच असणार. प्रत्यक्षात एकाचीच री सगळ्यांनी ओढलेली असते, मूळ नोंद कुणीच पाहिलेली नसते.

आणि हे करणारे सगळे आळशी नसतात, काही फार उत्साही असतात. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जाणकार तिथली जुनी फेब्रुवारीतली तारीख १७३१/३२ अशी जोडवर्षाने लिहितात: जुन्या हिशोबाने १७३१, आजच्या हिशोबाने १७३२. ती टायपिंगची चूक समजून ‘सुधारणारे’ महाभाग मी पाहिलेत. असे लोक निष्काळजी माणसापेक्षा जास्त छळतात, कारण त्यांची खात्री असते.

मी काय करते ते सांगते. मूळ संशोधन माझ्या कॉम्प्युटरवर, ऑनलाइन ट्री म्हणजे फक्त सूचनाफलक. खात्री नसलेला आईबापांचा दुवा मी ऑनलाइन जोडतच नाही; ‘बहुधा’ ही टीप नक्कल करताना गळून पडते, दुवा तेवढा टिकतो. वादाच्या प्रोफाइलवर सुरुवातीलाच ठळक टीप लिहिते: ‘हा आणि त्याच नावाचा चुलत भाऊ वेगळे. लहानपणी वारला तो दुसरा. दोन्ही नोंदी जोडल्या आहेत, मर्ज करू नये.’ नुसता निष्कर्ष न देता तो कशावरून काढला हे दोन ओळींत लिहिलं, की निदान विचार करणारा माणूस थांबतो. चूक करणाऱ्याला मूळ नोंदीच्या फोटोसह एकदा निरोप पाठवते, ‘तुमच्याकडे वेगळा पुरावा असेल तर बघायला आवडेल’ अशा सुरात. उत्तर नाही आलं तर सोडून देते. कित्येक खाती वर्षानुवर्षं कुणी उघडलेलीच नसतात.

बॅकअपसाठी जेडकॉम फाइल (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याची फाइल) काढत असाल तर एक लक्षात असू द्या: जुन्या ५.५.१ आवृत्तीच्या फाइलमध्ये फोटो येत नाहीत, ते कुठे आहेत एवढाच पत्ता येतो. २०२१च्या ७.० आवृत्तीत फोटोंसकट एकत्र बांधायची सोय आहे, पण तुमचं सॉफ्टवेअर ती वापरतं का ते तपासा. फोटो वेगळे उतरवून ठेवलेले बरे.

आणि नकला होतच राहणार हे धरूनच, हयात माणसांची माहिती मात्र आज रात्रीच खाजगी करा. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख अजूनही काही ठिकाणी ओळख पटवायला विचारतात.