मतं मोजू नका, आक्षेप लिहून घ्या

प्रश्न : वेगवेगळ्या शाळांतले आम्ही काही शिक्षक मुलांच्या वाचनावर एकत्र संशोधन करतोय. बैठका होतात, पण प्रत्येकाची मोजण्याची रीत निराळी, त्यामुळे आकडे जुळत नाहीत. मतदान घेतलं की हरलेली मंडळी यायची बंद होतात. तुम्ही मानकं ठरवणाऱ्या समित्यांत काम केलंय. तिथलं काही आम्हाला उपयोगी पडेल का? – एक शिक्षिका

उत्तर : पडेल. आधी मतदान बंद करा. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये सभासदत्वच नाही. जो येऊन काम करतो तो सहभागी, तोही कंपनीच्या वतीने नव्हे, स्वतःच्या नावाने. मग मतं मोजायची कुणाची? इंटरनेटविषयीचे तांत्रिक दस्तऐवज क्रमांक देऊन छापतात, त्यांना आरएफसी म्हणतात. 2014च्या आरएफसी 7282मध्ये हे स्पष्टच लिहिलंय : शंभर जण बाजूने आणि पाच विरोधात असले, तरी सहमती झालीच असं नाही. त्या पाचांच्या आक्षेपाला उत्तर मिळालं का, हे बघायचं. आक्षेप मान्य करायलाच हवा असं नाही, पण त्याचा विचार झालाच पाहिजे. तुमच्याकडचे हरलेले लोक का गळाले, याचं कारण मला इथेच दिसतं. त्यांची मतं मोजली गेली, म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही.

आता आकड्यांचं. 1996च्या नियमांनुसार आयईटीएफमध्ये मानकाला वरची पायरी चढायची, तर ते निदान दोन ठिकाणी स्वतंत्रपणे राबवून दाखवावं लागे, आणि ती दोन्ही कामं एकमेकांशी जुळावी लागत. माझ्या मते तुम्ही सगळ्यात आधी उचलावं ते हेच. ‘मिनिटाला किती शब्द अचूक वाचले’ हे मोजायचं म्हटलं तर सोपं वाटतं. पण मूल चुकलं आणि स्वतःच सुधारलं, तर तो शब्द बरोबर धरायचा का? अडलं तर किती वेळ थांबायचं? (अशा प्रकटवाचनाच्या काही प्रचलित चाचण्यांत तीन सेकंद थांबतात, आणि तेवढ्यात सुधारलेला शब्द बरोबर धरतात.) घरच्या बोलीप्रमाणे उच्चारलेला शब्द चूक की बरोबर? ज्यांनी चाचणी लिहिली त्यांना ही उत्तरं तोंडपाठ असतात, म्हणूनच ती कागदावर उतरत नाहीत.

शिक्षण-संशोधनात हे दुखणं जुनं आहे. या विषयाच्या आघाडीच्या 100 नियतकालिकांची 2014मध्ये पाहणी झाली, तेव्हा आधीचा अभ्यास पुन्हा करून पाहणारे लेख जेमतेम 0.13 टक्के निघाले. शिवाय मूळ लेखकांपैकी कुणीच त्यात नसलं, की तोच निष्कर्ष पुन्हा मिळण्याचं प्रमाण कमी होत होतं.

छापलेल्या आरएफसीचा मजकूर पुन्हा बदलत नाहीत. दुरुस्तीला नवा क्रमांक मिळतो, जुना दस्तऐवज तसाच राहतो. तुम्हीही प्रत्येक चाचणीवर आवृत्ती लिहा, आणि मुलाच्या नोंदीतही ती येऊ द्या. उपगटांना ठरलेलं काम द्या, ते संपलं की गट मोडा.

नव्या शिक्षकांना लिहितं करा, हे मात्र मी कळकळीने सांगतो. 1969मध्ये या आरएफसींची सुरुवात करणारे स्टीव्ह क्रॉकर तेव्हा विद्यार्थी होते. त्या वर्षीच्या तिसऱ्याच टिपणात म्हटलंय की टिपण घोटीव नसलं तरी चालेल, वेळेवर यावं.

एक गोष्ट मात्र तिथून आणू नका. दोन यंत्रांनी सारखंच वागावं म्हणून मानक असतं. दोन वर्गांनी सारखंच वागावं असं कुणी म्हणू नये. मोजणी एकसारखी करा, शिकवणं ज्याच्या त्याच्या हाती राहू द्या.

पुढच्या बैठकीआधी एकच चाचणी निवडा आणि ती लिहिण्यात नसलेल्या दोन शाळांकडे पाठवा. सोबत फक्त कागद द्या, फोनवर काही समजावू नका. मुलाच्या वाचनाचं एकच ध्वनिमुद्रण दोघांनाही ऐकवा आणि वेगवेगळे गुण द्यायला सांगा. जिथे गुण जुळणार नाहीत, त्या जागा म्हणजे तुमच्या बैठकीची विषयपत्रिका.