एका वॉर्डाच्या मतासाठी तीन दिवसांचा प्रवास?

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या सोसायटीचे वॉचमन नेपाळचे आहेत, आम्ही सगळे त्यांना दाजू म्हणतो, गाव अछाम जिल्ह्यात. मे २०२२ मध्ये गावच्या निवडणुकीला मत द्यायचं म्हणून वीस दिवस सुट्टी काढून गेले, पगार कापला गेला तरी. मोठी निवडणूक असती तर समजलं असतं, पण वॉर्डासाठी एवढं? आणि इथून मत देता येत नाही का त्यांना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, इथून नाही देता येत. ज्या वॉर्डाच्या यादीत नाव आहे तिथे स्वतः जावं लागतं. नेपाळच्या सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सरकारला सांगितलं होतं की परदेशातल्या नागरिकांच्या मतदानाची सोय करा, पण २०२२ पर्यंत काही झालं नाही. म्हणजे पुण्याहून दिल्ली, तिथून बनबसा बॉर्डरची बस, पलीकडे महेंद्रनगर आणि मग डोंगरातला रस्ता. भारतात राबणाऱ्या कितीतरी लोकांचं मत याच रस्त्यापायी बुडतं, आणि मला हे फार चुकीचं वाटतं.

आता वॉर्डासाठी एवढं का. नेपाळमध्ये १९९७ ला गावोगावची निवडणूक झाली आणि त्यानंतर थेट २०१७ ला. वीस वर्षं! मधे माओवादी युद्ध, २००२ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपली आणि पुढे गावांत निवडणूकच झाली नाही, राजेशाही गेली, २००८ ला प्रजासत्ताक झालं, संविधान यायला २०१५ उजाडलं, आणि या सगळ्या काळात गावचा कारभार सरकारी सचिवाच्या हातात. युद्धाच्या दिवसांत तर बरेच सचिव गावात राहायचेच नाहीत, जिल्ह्याच्या गावी बसायचे. तिकडे नागरिकत्वाचा दाखला काढायचा तर आधी गावपातळीवरून ‘सिफारिस’ लागते, म्हणजे शिफारसपत्र. त्या एका सहीसाठी माणसं दिवस दिवस डोंगर उतरून जायची आणि साहेब जागेवर नसले की तशीच परत.

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर वर्षानुवर्षं प्रशासक, हे आपणही बघितलंय, तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन जायचं कोणाकडे हेच कळत नव्हतं. तिथे हे पंधरा वर्षं चाललं.

२०१७ नंतर ती सही वडाध्यक्ष करतो, म्हणजे वॉर्डाचा अध्यक्ष, मतं मागायला तो दारात आलेला असतो. एकूण ७५३ पालिका, गावांच्या आणि शहरांच्या मिळून, त्यात ६,७४३ वॉर्ड, आणि शाळा, दवाखाना, गावचे रस्ते बरंचसं त्यांच्याकडेच आलंय. ‘सिंहदरबार गाउँगाउँमा’ अशी घोषणाच होती. सिंहदरबार म्हणजे तिथलं मंत्रालय हो. दाजू त्या सहीसाठी गेले असतील. त्यांना एकदा बसवून विचारा, पगार कापण्याआधीच विचारायला हवं होतं खरं तर.

प्रश्न : मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते. नेपाळमध्ये उपमहापौर बहुतेक बायकाच असतात असं ऐकलं, हे कसं जमवलं त्यांनी?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : काकू, कायद्याने जमवलं. एखादा पक्ष पालिकेचा प्रमुख आणि उपप्रमुख (शहरात महापौर, उपमहापौर) अशी दोन्ही पदं लढवत असेल तर त्यातली एक उमेदवार बाईच हवी. शिवाय प्रत्येक वॉर्डात चार सदस्य असतात, त्यातली एक जागा महिलेची आणि एक दलित महिलेची. २०१७ मध्ये साडेसहा हजारांवर दलित बायका निवडून आल्या. ज्या गावांत त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिथे त्या बैठकीला खुर्चीवर बसल्या, मला आजही लिहिताना भरून येतं.

पण पक्षांनी काय केलं बघा, महापौराला पुरुष आणि बाईला ‘उप’. २०१७ ला ७०० उपप्रमुख बायका आणि प्रमुख फक्त १८. आणि २०२२ मध्ये अजून एक पळवाट, पक्षांनी आघाड्या केल्या, महापौर तुमचा उपमहापौर आमचा, एकेकच पद लढवलं की नियम लागूच होत नाही! उपप्रमुख बायका साडेपाचशेच्या आसपास आल्या. प्रमुख वाढल्या त्या पंचवीसपर्यंत. दीडशे बायकांच्या जागा अशा वाटाघाटीत गेल्या आणि मला त्याचा राग आहे.

तरी ‘उप’ला हलकं समजू नका. पालिकेच्या न्यायिक समितीची संयोजक उपप्रमुखच असते. बांधाचं भांडण, पाटाच्या पाण्याची पाळी, थकलेली मजुरी, म्हाताऱ्या आईबापाला मुलगा सांभाळत नाही, हे सगळं तिच्यापुढे येतं. बांधावरून भावाभावांत काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार. कोर्टात जाऊन पिढी घालवण्यापेक्षा गावातल्याच बाईपुढे बसून मिटलं तर किती बरं.

प्रश्न : काठमांडूत एक रॅपर अपक्ष उभा राहून महापौर झाला, पक्ष नसताना हे कसं शक्य आहे?
– कॉलेजातला एक वाचक, नांदेड

उत्तर : बालेन शाह. रॅपर आणि शिकलेला स्ट्रक्चरल इंजिनियर. मे २०२२ मध्ये ६१ हजारांवर मतं घेतली आणि नेपाळी काँग्रेस आणि कम्युनिस्टांचा एमाले या दोन्ही मोठ्या पक्षांना मागे टाकलं. याचं महत्त्व कळायला तिथली मतपत्रिका डोळ्यासमोर आण. तिच्यावर उमेदवारांची नावंच नसतात, नुसती चिन्हं, ओळीने, भलामोठा कागद. महापौरापासून वॉर्ड सदस्यांपर्यंत सात जणांना मत द्यायचं, स्वस्तिकाचा शिक्का मारून. शिक्का चुकला की मत बाद होऊ शकतं. झाड, सूर्य ही पक्षांची चिन्हं लोकांना लहानपणापासून पाठ, आणि याची होती काठी, तिकडे ‘लौरो’ म्हणतात. ती शोधून शिक्का मारणारे एवढे निघाले! त्याच निवडणुकीत पूर्वेला धरानमध्येही अपक्षच आला, हर्क साम्पाङ, आणि पश्चिमेला धनगढीत गोपाल हमाल.

प्रश्न : नेपाळमधल्या सप्टेंबर २०२५ च्या तरुणांच्या आंदोलनानंतर त्या पालिका राहिल्या का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : राहिल्या. ९ सप्टेंबरला सिंहदरबार जळालं, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, तीनच दिवसांत माजी सरन्यायाधीश सुशीला कार्कींनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली आणि संसद विसर्जित झाली. बऱ्याच ठिकाणी वॉर्डांची ऑफिसंही जाळली, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी होत्या, याचं मला फार वाईट वाटतं. पण ७५३ पालिकांपैकी एकही बरखास्त झाली नाही. मुदत २०२७ पर्यंत आहे. डोंबिवलीत तुमच्या आसपासही कोणी दाजू असतील तर तेव्हाची सुट्टी त्यांना आधीच देऊन ठेवा, पगारासकट.