टाकीच्या स्टँडला उभी वेल्डिंग खालून वर करावी की वरून खाली? वरून खाली केलेली जास्त सुबक दिसते.

तुम्ही लिहिलंय की स्टँड ६ मिमी जाड अँगलचा आहे, वर हजार लिटरची टाकी बसणार आहे आणि म्हापशाचा तुमचा वेल्डर उभे जोड वरून खाली ओढतो, कारण लाईन गुळगुळीत येते. त्याला सांगा, हे जोड खालूनच वर घे. टाकी भरली की नुसतं पाणीच एक टन, त्यात पावसाळ्यातला वारा. इथे दिसणं नंतर.

वरून खाली येताना वितळलेलं लोखंड आणि स्लॅग (रॉडवरच्या लेपाचा वितळून होणारा मळ) दोन्ही रॉडच्या पुढे धावतात. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, मूळ लोखंडावर न पडता त्या पातळ थरावर पडतो. प्लेट पुरती तापत नाही, रॉडची वितळलेली भर वरच्यावर चिकटते आणि स्लॅग मध्येच अडकतो. वर चढताना स्लॅग खाली उतरतो, आर्क कोऱ्या लोखंडावर राहतो आणि हात सावकाश चालल्यामुळे उष्णता मुळापर्यंत जाते.

पटत नसेल तर करून बघा. त्याच अँगलचे तुकडे उलट्या ‘टी’सारखे जोडून उभे धरा आणि फक्त एका बाजूने वेल्ड करायला लावा, एक जोड चढवून, एक ओढून. थंड झाल्यावर वाइसमध्ये पकडून जोड उघडेल अशा बाजूने घण मारा. ओढलेला जोड बऱ्याचदा सोलल्यासारखा सुटतो, आणि मुळाशी कटिंग व्हीलचे ओरखडे जसेच्या तसे दिसतात. म्हणजे तिथलं लोखंड वितळलंच नव्हतं. नीट चढवलेला जोड सहज तुटत नाही. तुटला तर भरीतून फाटतो आणि आत खडबडीत करडा दिसतो. गिऱ्हाईकाला मी शब्दांपेक्षा हेच दाखवतो.

आता सुबकपणा. चढवलेली वेल्डिंग ओबडधोबड येते ती बहुतेक करंटमुळे आणि हातामुळे. आडव्या प्लेटवर चालतो तोच करंट ठेवला की उभ्यावर भर मध्ये फुगून पोट सुटणारच. १० नंबरचा, म्हणजे ३.१५ मिमीचा ७०१८ रॉड (हा रॉडचा प्रकार, मजबूत जोडाचा) साधारण १०० अँपिअरच्या आसपास, त्याहून बारीक १२ नंबरचा ७५-८० वर धरून बघा, मग मशीनप्रमाणे थोडा वर-खाली करा. रॉडचं टोक किंचित वरच्या दिशेला, आर्क आखूड. आधी तळाशी एक लहानशी पायरी बांधायची आणि पुढची भर तिच्यावर बसवत जायची. दोन्ही कडांवर क्षणभर थांबायचं, मधून झटकन पार व्हायचं. मध्ये रेंगाळलात की पोट येतं आणि कडांना अंडरकट, म्हणजे भरीलगत मूळ लोखंडात खाच, पडतो. ७०१८ ला रॉड वर झटकत जायची सवय मात्र नको, आर्क लांबला की छिद्रं पडतात.

गोव्याच्या पावसाळ्यात उघडं पडलेलं ७०१८ चं पाकीट तसंच वापरू नका. पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये भाजून घ्यायचं. उन्हात ठेवून तो ओलावा जात नाही. ओव्हन नसेल तर या स्टँडला साधा ६०१३ रॉड चालेल, दिशा तीच.

वरून खाली ओढणं म्हणजे कामचुकारपणा, असंही नाही. दीड-दोन मिमीच्या बॉक्स पाईपच्या गेटला किंवा पत्र्याला मी स्वतः खालीच ओढतो. वर चढवायला गेलं तर भोकं पडतात. लांबच्या पाईपलाईनीही खाली ओढत जोडतात, पण ६०१० सारखे वेगळे रॉड, डीसी मशीन आणि त्याच कामात मुरलेला हात असतो. जहाजाच्या महत्त्वाच्या जोडांना ही दिशा वापरायची तर क्लास सोसायटीची (जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची) मंजुरी लागते, हे जुवारीकाठच्या यार्डात काम केलेला कुणीही सांगेल. लोखंडी बांधकामाच्या वेल्डिंगच्या अमेरिकन डी१.१ कोडमध्येही चाचणीशिवाय वापरता येणाऱ्या ठरलेल्या पद्धतीत उभी वेल्डिंग वरच्या दिशेनेच मागितली आहे. आणि तुमचा वेल्डर उद्या मिग मशीन (रॉडऐवजी सतत तार सोडणारं) घेऊन आला तर जास्तच सावध राहा. मिगने खाली ओढलेली लाईन सगळ्यात देखणी, आणि कमी करंटवर सगळ्यात फसवी.

ग्राइंडर मारून जोड सपाट करू का, असं तुम्ही विचारलंय. नको. कोपऱ्यातल्या सपाट भरीची खरी जाडी तिच्या प्लेटला टेकलेल्या बाजूच्या साधारण ०.७ पट असते. ५ मिमीच्या बाजूला साडेतीन मिमी. त्यातून घासून काय राहणार? थेंब उडालेत तेवढे छिन्नीने काढा. आपल्या खाऱ्या हवेत गंज सुरू होतो तो अंडरकटमधून आणि राहिलेल्या स्लॅगखालून, म्हणून वायर ब्रशने स्लॅग पूर्ण काढा, जोडांवर आणि अँगलच्या कडांवर प्रायमरचा एक हात आधी ब्रशने द्या, तो सुकल्यावर सगळ्या स्टँडला मारा.