मे महिन्यात मामा तलावावर (माजी मालगुजारी तलावावर) गळ टाकून कोणत्या वेळी बसावं?

भाऊ, पहाटे उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत बसा, नाहीतर मग ऊन उतरल्यावर संध्याकाळी, दुपारी कितीबी चांगला चारा लावा रोहू-कतला तोंड लावत नाही. कारण साधं आहे, पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावते, २० डिग्रीला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास अन ३० ला साडेसातच, मग मासा खाणं सोडून पाळीजवळच्या (बांधाजवळच्या) खोल पाण्यात नाहीतर झाडाच्या सावलीत थांबते, म्हणून गळ तिकडंच टाका. रोहूले कणकेचा गोळा चालते. मरळीचं मात्र वेगळं, ते वर येऊन हवेतला श्वास घेते म्हणून कमी पाण्यात, गवताच्या कडेलेही सापडते, तिच्यासाठी जिवंत बेडकुली किंवा छोटी मासोळी लावा. फक्त पाणी हिरवंगार झालं असन तर पहाटेचा नाद सोडा, शेवाळ रात्रभर ऑक्सिजन ओढते अन सकाळी मासे वर तोंड काढून धापा टाकत असतात, अशा तलावावर संध्याकाळच बरी. अन तलाव मच्छीमार सोसायटीनं ठेक्यानं घेतला असन तर आधी त्यायले विचारा, मासोळीचं बीज त्यायनंच पैसे लावून सोडलं असते.